संघाचा सर्वांत जुना माणूस

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुधोळच्या माणसाने घर बदलले नाही, शेत विकले नाही, सोयरीक तोडली नाही. तरी त्याचा जिल्हा बदलला. राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्याकडे गेला, पण त्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले वगळून आंध्र प्रदेशातल्या आदिलाबादला जोडली गेली. शेजारचे धर्माबाद नांदेडातच राहिले. पुढे २०१४ मध्ये तेलंगणा झाले, २०१६ मध्ये आदिलाबादचे तुकडे पडले आणि मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. (शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेले मुधोळ कर्नाटकातले, हे मुधोळ बासरच्या सरस्वतीच्या शेजारचे.) १९४० च्या सुमारास इथे जन्मलेल्या मराठी माणसाने निजामाचे राज्य, त्यानंतरचे हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा असे सगळे एकाच उंबऱ्यावर बसून पाहिले.

या माणसाला खेळाचा नाद असेल, तर त्याने कोणता संघ आपला म्हणायचा? प्रश्न किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. सरकारी कागदावर माणूस कुठला आहे हे तहसील कार्यालय ठरवते. तो कोणाच्या हरण्याने जेवताना गप्प होतो, हे तो स्वतः ठरवतो. आणि साठ-सत्तर वर्षे एकाच संघाची संगत धरलेल्या वृद्ध माणसाबद्दल माझे म्हणणे सरळ आहे. त्याला चाहता म्हणून सोडून देणे अपुरे आहे. संघातले बाकी सगळे बदलत जाते, टिकून राहतो तो हाच. म्हणून संघावर त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आपण आजवर मानलेला नाही.

आधी त्याच्यासमोर काय काय होते ते पाहू. भाषा त्याला मुंबईकडे ओढत होती. मराठी वर्तमानपत्र उघडले की मुंबईचा संघ. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकणारा. वाडेकर, गावसकर, वेंगसरकर ही नावे घरातल्या माणसांसारखी. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यामुळे चेंडू कुठे पडला आणि फलंदाजाचा पाय कुठे होता हे ऐकणाऱ्याला दिसे. रेडिओ बाहेरच्या खोलीत असे आणि पुरुष त्याभोवती बसत. आत चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कानावरही तेच शब्द पडत. आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या असलेल्या कितीतरी आज्यांना क्रिकेट कळते ते असे, मैदान कधीही न पाहता. त्यांना कोणी चाहत्यांत धरत नाही, एवढेच.

जमीन मात्र त्याला हैदराबादकडे ओढत होती. आणि हैदराबादचा संघ ही मोठी चमत्कारिक चीज आहे. हैदराबाद राज्य १९५६ मध्ये नकाशावरून गेले, रणजीतले हैदराबाद गेले नाही. आंध्रचा संघ १९५३-५४ पासून वेगळा खेळत होता. पुढे दोन्ही प्रदेश एका राज्यात आले तरी संघ दोनच राहिले. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळे झाले, तरी तेलंगणा नावाचा संघ झाला नाही. हैदराबाद ते हैदराबादच. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातेत गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. राजकारणाने पुसलेल्या रेषा रणजीच्या नकाशाने जपून ठेवल्या आहेत. नांदेडचा पोरगा उद्या चांगला खेळला तर पुण्याच्या संघटनेकडून महाराष्ट्राच्या संघात जाईल, आणि काही कोसांवरच्या मुधोळचा हैदराबादच्या.

पण मराठी माणसाने हैदराबाद हे नाव उच्चारायचे म्हणजे त्यात सरळपणा नव्हता. त्याच्या लहानपणी हैदराबाद म्हणजे निजामाचा दरबार, उर्दूतला सरकारी कारभार आणि रझाकारांची दहशत. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच शहराच्या पोलिसांचा फुटबॉल संघ मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकतो, आणि सलग पाच वर्षे, १९५४ पर्यंत, जिंकतच राहतो. सय्यद अब्दुल रहीम त्यांचे प्रशिक्षक. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या मनात एकाच नावाबद्दल भीती आणि अभिमान शेजारी शेजारी राहू शकतात. राज्यकर्त्याचा राग करता येतो आणि त्याच्या शहराच्या संघावर जीव लावता येतो. यात मला विसंगती दिसत नाही. उलट माणूस सत्तेहून स्वतःला वेगळे कसे राखतो, ते इथे दिसते.

क्रिकेटमधल्या हैदराबादने या माणसाला काय दिले? १९३७-३८ चा रणजी करंडक त्याच्या जन्माआधीचा. मुंबईतल्या अंतिम सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या नवानगरविरुद्ध शेवटच्या डावात ३१० धावा हव्या होत्या. पहिल्या डावात हैदराबाद ११३ वर आटोपलेले, त्यामुळे आशा ठेवायला जागा नव्हती. एडलजी ऐबारा एका बाजूने उभे राहिले, नाबाद १३७, आणि नऊ गडी बाद असताना हैदराबादने सामना काढला. एक गडी राखून. ही गोष्ट त्याने मोठ्यांकडून ऐकली असणार. त्यानंतरचा दुसरा करंडक यायला १९८६-८७ उजाडले. एम. व्ही. नरसिंह राव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. मधली एकोणपन्नास वर्षे आली ती जयसिंहांच्या उभ्या कॉलरची, अब्बास अली बेगांची, आबिद अलींच्या धावण्याची, टायगर पतौडींची. करंडक नव्हता, खेळ होता. १९६४-६५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने हरवले. १९९९-२००० मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मुंबई, पुन्हा हार. त्या हंगामात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने १४१५ धावा केल्या होत्या, त्यांत उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध ३५३. एका रणजी हंगामात इतक्या धावा कोणी केल्या नव्हत्या.

त्या अंतिम सामन्याच्या वेळी मुधोळच्या आमच्या माणसाने काय केले असेल, याचा मी फार विचार करतो. एकीकडे भाषा, दुसरीकडे जमीन. माझा अंदाज असा, की त्याने ओठांवर मुंबईचे कौतुक ठेवले आणि विचारले मात्र, ‘लक्ष्मण आहे का अजून?’ या प्रश्नावरून माणूस कोणाचा ते कळते.

मग नोव्हेंबर २०१० आला. जयपूरला राजस्थानविरुद्ध हैदराबादचा आख्खा संघ २१ धावांत बाद झाला. रणजीच्या इतिहासातली तेव्हाची सर्वांत कमी धावसंख्या. दीपक चहर नावाचा पोरगा पहिलाच सामना खेळत होता, त्याने १० धावांत ८ बळी घेतले. चौदाशे पंधरा धावांचा हंगाम पाहिलेल्या माणसाला दहा वर्षांत हे पाहावे लागले. पुढे संघ घसरत प्लेट गटात जाऊन पडला. २०२४ च्या जानेवारीत अरुणाचल प्रदेशविरुद्ध तन्मय अगरवालने १४७ चेंडूंत त्रिशतक केले, प्रथम श्रेणी क्रिकेटमधले सर्वांत वेगवान, आणि त्या हंगामात प्लेट गट जिंकून हैदराबाद वर आले. तिसरा रणजी करंडक अजून आलेला नाही.

इथे बुद्धिमान माणसे एक आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. ते म्हणतात, ही आंधळी भक्ती आहे. स्वतः काही न करता दुसऱ्याच्या पराक्रमावर फुलायचे आणि दुसऱ्याच्या चुकीवर कुढायचे. याला शास्त्राचाही आधार दिला जातो. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवून दिले होते, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक घालून येतात. हरला की कमी. म्हणजे लोक विजयाला चिकटतात आणि पराभवापासून अंग काढून घेतात.

हा प्रयोग खरा आहे, पण तो विशीतल्या पोरांचा आहे. एकोणपन्नास वर्षे करंडकाची वाट पाहणाऱ्याचा नाही. जो २१ च्या सकाळनंतरही पुढच्या सामन्याचा धावफलक शोधतो, त्याला विजयाचा हव्यास असता तर मुंबई शेजारीच होती. पंधरा वर्षे सलग करंडक घेणारी, आणि वर मराठी. आणि भक्ती म्हणावे तर तेही पटत नाही. भक्त देवाच्या मूर्तीत दोष काढत नाही. संघाचा जुना माणूस दोषच काढतो. निवड समितीवर त्याचा राग असतो, कर्णधाराने फिरकी उशिरा लावली हे त्याला खुपते, नव्या पोराचा पुढचा पाय पुरेसा पुढे येत नाही हे तो टीव्हीवरच्या तज्ज्ञाआधी सांगतो. संघावरचे त्याचे प्रेम आणि संघाबद्दलची त्याची कठोर नजर एकाच मुळातून येते. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला डोळे मिटून चालत नाही.

साक्षीदार म्हणजे काय, हे समजायला वसंत रायजींचे आयुष्य पाहावे. २६ जानेवारी १९२० चा जन्म. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना मुंबई जिमखान्यावर झाला, तेव्हा तेरा वर्षांचे रायजी प्रेक्षकांत होते. लाला अमरनाथांचे ११८ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे ते मुंबई आणि बडोद्याकडून प्रथम श्रेणीचे नऊ सामने खेळले, २७७ धावा. खेळाडू म्हणून एवढेच. मग सनदी लेखापालाचा व्यवसाय करत त्यांनी जन्मभर क्रिकेटचा इतिहास लिहिला. रणजी, ट्रम्पर, सी. के. नायडू अशा खेळाडूंवर पुस्तके. जानेवारी २०२० मध्ये ते शंभराचे झाले तेव्हा सचिन तेंडुलकर आणि स्टीव्ह वॉ त्यांना भेटायला घरी गेले. त्याच वर्षी १३ जूनला ते गेले. मला त्या भेटीत वयाच्या कौतुकापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शंभर आंतरराष्ट्रीय शतके केलेल्या तेंडुलकरलाही जे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, ते त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होते: भारतात कसोटी क्रिकेटची पहिली सकाळ कशी होती.

खेळाचा बराचसा इतिहास असाच माणसांत साठवलेला आहे. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि समोरचा संघ सामना सोडून निघून गेला. धावपुस्तकात आकडा आहे. पण पॅव्हेलियनमधल्या लोकांचे चेहरे कसे झाले, बाहेर पडताना काय बोलणे झाले, हे सांगणारी माणसे एकेक करून संपली. हैदराबादच्या १९५० च्या दशकातल्या फुटबॉलचेही तेच. आकडे उरले, आवाज गेला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संघनिष्ठा माणसांना तोडते. हे खोटे नाही. मुंबईची चौरंगी आणि नंतरची पंचरंगी स्पर्धा धर्माच्या नावावर संघ पाडून खेळली जात होती: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि उरलेले. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी मुंबईच्या क्रीडाप्रेमींना हे जातीय सामने बंद करण्याचे आवाहन केले. १९४६ मध्ये ती स्पर्धा संपली. संपली हे योग्यच झाले. पण त्याच स्पर्धेत एक दुसरी गोष्टही घडली होती. पळवणकर बाळू हा आपल्या काळातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. चांभार जातीत जन्मला म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला दिले गेले नाही. जिमखान्यांच्या समित्या अडून बसल्या, पण बाहेर लोकांत आणि वर्तमानपत्रांत बोलणे वाढत गेले. अखेर १९२३ मध्ये बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठलने नंतर मराठीत आत्मचरित्रही लिहिले. ज्यांना संघ मनापासून आपला वाटत होता, त्यांच्याच मनात हा प्रश्न उभा राहिला: उत्तम खेळाडू कर्णधार का नाही? ज्यांना घेणेदेणे नव्हते ते गप्पच राहिले असते. तेव्हा निष्ठा तोडते की जोडते याचे उत्तर ती किती जागी आहे यावर अवलंबून आहे. आणि सत्तर वर्षे पाहिलेली निष्ठा सहसा जागी असते. तिने समोरच्या संघातला मोठा खेळाडूही पाहिलेला असतो. हैदराबादच्या जुन्या प्रेक्षकाला गावसकरचे वाईट चिंतायला सांगा. जमणार नाही त्याला.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग येतो तिच्याकडे येतो.

२००८ मध्ये आयपीएल सुरू झाले. हैदराबादच्या वाट्याला डेक्कन चार्जर्स आले. पहिल्या वर्षी तळाला, दुसऱ्या वर्षी विजेते. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे त्यांचे घरचे सामने नागपूर, नवी मुंबई आणि कटकला हलवले गेले. २०१२ मध्ये संघच रद्द झाला आणि त्या जागी सनरायझर्स आला. २०१६ मध्ये तोही विजेता. पुण्याने याहून वाईट भोगले. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३. मग २०१६-१७ ची दोन वर्षे रायझिंग पुणे, तोही एका निलंबित संघाची जागा भरायला आणलेला. हा संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला, तेही हैदराबादच्या उप्पल मैदानावर, आणि ती त्याची शेवटची संध्याकाळ ठरली. एका धावेचे दुःख करायलाही पुढच्या वर्षी संघ उरला नाही. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये गुंडाळला गेला, आणि ती जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबाद २०२२ मध्ये विजेता झाला. २०२५ मध्ये तोच संघ नाव बदलून दिल्लीला गेला. भाड्याच्या घरातले कपाट हलवावे तसे संघ हलवले जातात. गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली, धेंपोही बाहेर पडला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो. तिथल्या म्हाताऱ्या फुटबॉलप्रेमींनी हे कसे सोसले असेल याची मला कल्पना करवत नाही.

मालकांचे म्हणणे ठाऊक आहे. खेळाला पैसा लागतो, तोट्यात संघ चालत नाही, पोरांना मानधन मिळू लागले ते याच व्यवस्थेमुळे. मानधनाचे खरे आहे आणि ते चांगलेच झाले. जयसिंहांच्या पिढीला काय मिळत होते ते सर्वांना माहीत आहे. पण हिशेबात एक रक्कम धरली जात नाही. संघाच्या नावाला जी किंमत येते ती त्यात साठलेल्या लोकांच्या आठवणींमुळे येते. ‘हैदराबाद’ या शब्दात ऐबारांचे १३७, रहीमसाहेबांचे पाच करंडक, लक्ष्मणचे १४१५ आणि जयपूरचे २१ हे सगळे आहे. ते मालकाने आणलेले नाही. सत्तर वर्षे कान लावून बसलेल्या माणसांनी ते जमवले. मालक त्यावर टी-शर्ट विकतो आणि निघून जाताना त्यांना विचारतही नाही.

जगात सगळीकडे असेच चालते असे नाही. जर्मनीत फुटबॉल क्लबच्या मतांत बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे असा नियम १९९८ पासून आहे. पैसा लावणारा येतो, पण क्लब उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, तळापासून खेळवला आणि नऊ वर्षांत वरच्या चार श्रेणींत परत आणला. आपल्याकडे ते उद्या होणार नाही. निदान फुटबॉलच्या तालीम संघांकडे पाहून शिकता येईल. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ कोणा उद्योगपतीचे नाहीत, पेठांचे आहेत. म्हणून तिथला सत्तरीचा माणूस शाहू स्टेडियमवर पाहुण्यासारखा बसत नाही. तो तिथे बोलतो आणि त्याचे ऐकले जाते.

बाकी ठिकाणी आपण वृद्ध चाहत्याचे काय करतो? कॅमेरा वळवतो. २ जुलै २०१९ रोजी बर्मिंगहॅमला भारत-बांगलादेश सामन्यात चारुलता पटेल या ८७ वर्षांच्या आजी पिपाणी वाजवताना दिसल्या आणि जगभर पोचल्या. सामना संपल्यावर विराट कोहली आणि रोहित शर्मा त्यांच्याजवळ जाऊन वाकले, ते मनापासून केले होते आणि छान वाटले. पण आपले सगळे कौतुक तिथेच थांबते. म्हातारपणी असा उत्साह म्हणून टाळ्या. त्या माणसाला काय माहीत आहे, हे कोणी विचारत नाही. गोड म्हणून पाहणे ही आदराची फार स्वस्त जात आहे.

प्रत्यक्षात त्याला मैदानापर्यंत पोचणेही अवघड केलेले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर एका टी-ट्वेंटी सामन्याच्या तिकिटांसाठी चेंगराचेंगरी झाली. ऐंशीच्या माणसाने तिथे जाण्याचा विचारसुद्धा करू नये. घरी बसून पाहावे तर सामना कोणत्या अ‍ॅपवर आहे हे नातवाला विचारावे लागते, आणि नातू कामाला हैदराबादला किंवा पुण्याला. २००७ चा कायदा सांगतो, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागेल. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ते दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबलवर नाही. म्हणजे घरी केबल आहे म्हणून फुकटचे दिसत नाही. आणि ज्या रणजी सामन्यांत त्याचा जीव अडकलेला आहे, ते या यादीत बसतच नाहीत. बाळ पंडितांच्या आवाजावर वाढलेल्या माणसाला आज रणजीचे रेडिओ समालोचन मराठीत मिळत नाही. मुधोळ-भैंसा-बासर पट्ट्यात तर मराठी आणि तेलुगू दोन्ही कानांना सारखीच. दोन्हींत दिले तर घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे ऐकतील.

म्हणून माझे मागणे लहान आणि नेमके आहे. हैदराबाद, महाराष्ट्र, मुंबई, विदर्भ, गोवा अशा सगळ्या क्रिकेट संघटनांनी रणजी सामन्यांना सावलीतली, पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांची आणि जवळ स्वच्छतागृह असलेली एक बाजू पंच्याहत्तरीच्या पुढच्यांसाठी राखून ठेवावी. मोठ्या सामन्यांची थोडी तिकिटे त्यांना पोस्ट ऑफिसातून मिळावीत. आकाशवाणीने निदान बाद फेरीच्या रणजी सामन्यांचे समालोचन मराठी आणि तेलुगूत परत सुरू करावे. संघ दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर निर्णयाआधी त्या गावातल्या प्रेक्षकांची बाजू जाहीरपणे ऐकून घेणे मालकाला बंधनकारक असावे. आणि तुमच्या घरात किंवा गल्लीत असा कोणी माणूस असेल, आजोबा असोत की आजी, तर या हंगामाची वाट पाहू नका. त्यांच्याजवळ बसा, फोनवर आवाज भरायला लावा आणि विचारा: पहिला सामना कोणता ऐकला, रेडिओ कोणाच्या घरी होता, कोण कोण बसले होते, कोण हरले. तारखा चुकतील, धावा चुकतील; त्या नंतर धावपुस्तकात पाहून दुरुस्त करता येतील. बाकीचे कुठल्याही पुस्तकात नाही.